७० मिमी दुर्बीण, सोलापूरची गच्ची: आठ महिन्यांनंतर

२०२४च्या दिवाळीत सात हजारांच्या आत बसणारी ७० मिमी भिंगाची दुर्बीण घेतली. आता जूनचे ढग आलेत, दुर्बीण खोक्यात गेलीय, म्हणून निवांत लिहितोय.

खोक्यावर ठळक ‘५२५ पट’ छापलंय. त्याच्यावर जाऊ नका. नळीची नाभी लांबी, म्हणजे भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, ७०० मिमी. तिला आयपीसच्या, म्हणजे डोळ्याकडच्या बदलत्या भिंगाच्या, मिमीनं भागलं की पट मिळते: २५चा आयपीस लावला की २८ पट, १०चा लावला की ७०. ते ५२५ येतं ४ मिमीचा आयपीस आणि तिप्पट करणारी बार्लो लेन्स एकावर एक चढवल्यावर. मी ते एकदाच केलं. गुरू म्हणजे पाण्यात विरघळलेला पिवळा डाग, आणि डोळा स्थिरावेपर्यंत तोही चौकटीबाहेर. ७० मिमीच्या भिंगाला १४०च्या पुढं ताणून काही हाती लागत नाही.

खरी रड ट्रायपॉडची. ॲल्युमिनियमच्या पायांत जीवच नाही. ‘काका, हलायलंय की!’ हे पुतणीचं वाक्य पहिल्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं की शेवटी मधोमध वाळूची पिशवी टांगली. दुसऱ्या महिन्यात उंची धरून ठेवणारा प्लास्टिकचा स्क्रू तुटला. विकणाऱ्यानं ‘कळवतो’ म्हणून जे गप्प बसायचं ठरवलं ते आजतागायत. त्याचं पुढं सांगतो.

आता जमेची बाजू. चांगलंचुंगलं सगळं एकाच रात्री बघायचा नाद सोडला आणि एक वही केली. रोज रात्री नऊला गुरू, मधे गोल, आजूबाजूला दिसतील तेवढे ठिपके. तेव्हा तो रोहिणीच्या जवळच होता, शोधावाही लागत नव्हता. गॅलिलिओनं जानेवारी १६१०मध्ये हेच चार चंद्र बघितले, हे शाळेत पाठ केलेलं. पण पाठ करणं वेगळं. पंधरा-वीस पानं भरल्यावर पुतणीनंच पकडलं, की एक ठिपका दर गुरुवारी जवळपास त्याच जागी येतो. तो गॅनिमीड, फेरी सात दिवसांहून थोडी जास्त. युरोपाला त्याच्या निम्मे दिवस लागतात आणि आयोला युरोपाच्याही निम्मे. आयोची जागा तर आम्ही जेवून परत वर येईपर्यंत सरकलेली असायची.

मग यानांचं वाचन गोड लागायला लागलं. मार्च १९७९मध्ये व्हॉयेजर-१नं एक फोटो काढला होता, ताऱ्यांवरून दिशा तपासायला. त्यात नासाच्या अभियंत्या लिंडा मोराबिटो यांना आयोच्या कडेला छत्रीसारखा फवारा दिसला. तो जिवंत ज्वालामुखी निघाला, पृथ्वीबाहेर सापडलेला पहिला. हे वाचून परत गच्चीवर गेलो. ठिपका तेवढाच होता, पण आता त्याच्याकडं नुसतं बघून चालेना.

चंद्राबद्दल थोडक्यात: पौर्णिमेला बघू नका, अष्टमीच्या आसपास बघा, विवरांच्या सावल्या लांब पडतात. शेजारच्या काकूंना चांद्रयान-३चं विक्रम बघायचं होतं. या भिंगातून चंद्रावरची तीन किलोमीटरच्या आतली वस्तू वेगळी दिसत नाही, विक्रम तर खोलीएवढं. दक्षिणेची कड दाखवली, ‘तिथं कुठंतरी’ म्हटलं. त्यांनी हात जोडले.

गावाचेही गुणदोष आहेत. एप्रिल-मेमध्ये स्लॅब रात्री अकरापर्यंत तव्यासारखी तापलेली असते, वरची हवा थरथरते आणि ग्रह उकळल्यागत दिसतात. पाणी मारून फार फरक पडला नाही. ध्रुव इथून क्षितिजावर जेमतेम अठरा अंश, म्हणजे आमच्या बाबतीत शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागं. बदल्यात दक्षिण मोकळी आहे. नान्नजकडं मेहुण्याच्या शेतात चादर टाकून झोपलो होतो, तिथं नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ धुरकट फुंकरीसारखा दिसला. शहरातून तो विसराच.

तर स्क्रू. अक्कलकोट रोडला यंत्रमागाचे पार्ट करणारा एक ओळखीचा लेथवाला आहे. त्यानं अर्ध्या तासात पितळी स्क्रू करून दिला, पैसे घेतले नाहीत, ‘शनी दाखवा’ म्हणाला. जानेवारीत संध्याकाळी आला. ७० पटीवर शनी लावून दिला. त्यानं बराच वेळ बघितलं. ‘सर, कडं कुठाय? हे तर धोटा दिसायलंय.’

मी बघितलं, खरंच मागावरचा धोटा. मधे फुगीर, दोन्हीकडं टोक. मार्च २०२५मध्ये शनीची कडी आपल्याला कडेवरून दिसणार होती, दर चौदा-पंधरा वर्षांनी तसं होतं, त्यामुळं जानेवारीतच ती सुईएवढी बारीक झालेली. बाजूला शनीचा चंद्र टायटन होता, अगदी फिका. त्या ठिपक्यावर २००५मध्ये ह्युजेन्स यान उतरलंय म्हटल्यावर त्यानं परत डोळा लावला, पण त्याचं मन कड्यातच होतं. पूर्ण उघडलेली कधी दिसेल, विचारलं. २०३२च्या सुमाराला, म्हटलं.

‘येतो की मग,’ म्हणाला. ‘स्क्रू टिकतोय तवर.’