मॅग्नेशिअम ग्लायसिनेटच्या गोळ्या : ताणाने आखडलेल्या मानेसाठी कितपत उपयोगी?

मान आखडली, खांदे भरून आले आणि रात्री झोप लागत नाही, अशी तक्रार केली की हल्ली कोणीतरी मॅग्नेशिअमची गोळी सुचवतेच. मी पतसंस्थेत हिशेबाचे काम करते, आणि मार्चअखेरच्या आठवड्यांत मानेपासून खांद्यांच्या फऱ्यांपर्यंतचा भाग लाकडासारखा कडक होणे हा दरवर्षीचाच अनुभव आहे. म्हणून या वेळी उन्हाळाभर मॅग्नेशिअम ग्लायसिनेटच्या गोळ्या नेमाने घेतल्या आणि त्यांच्या जोडीने जेवणाखाण्यात व विश्रांतीतही बदल केले. माझे मत आधीच सांगते : ज्यांच्या जेवणातून हे खनिज पुरेसे मिळत नाही, त्यांच्यासाठी ही गोळी चांगला आधार आहे, मात्र तिच्या एकटीच्या जोरावर आखडलेली मान सुटेल, अशी अपेक्षा ठेवून पैसे खर्च करू नयेत.

डबी हातात घेतल्यावर सर्वांत आधी पाहावे ते लेबल. माझ्या डबीच्या दर्शनी बाजूवर ठळक अक्षरांत 1000 मि.ग्रॅ. असे छापलेले होते. हे वजन संपूर्ण संयुगाचे, म्हणजे मॅग्नेशिअम आणि त्याला जोडलेले ग्लायसिन हे अमिनो आम्ल या दोघांचे मिळून असते. ग्लायसिनेटमध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशिअमचा वाटा सुमारे 14 टक्केच असतो, म्हणजे अशा मात्रेतून शरीराला मिळू शकणारे मॅग्नेशिअम 140 मि.ग्रॅ.च्या आसपास भरते. हा खरा आकडा मागच्या बाजूला, भिंगाशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक टायपात होता, आणि ग्राहकाला सर्वांत गरजेची असलेली माहिती अशी कोपऱ्यात ढकलणे मला मुळीच पटले नाही. ‘एलिमेंटल मॅग्नेशिअम’ म्हणजे प्रत्यक्ष मॅग्नेशिअम किती, हे जी कंपनी स्पष्ट लिहिते तिचीच डबी घ्यावी. ‘बफर्ड’ असे लिहिलेले असेल तर त्यात मॅग्नेशिअम ऑक्साइड मिसळलेले असते. ऑक्साइडमध्ये मॅग्नेशिअमचा वाटा सुमारे 60 टक्के असल्यामुळे लेबलावरचा आकडा फुगतो, पण ते आतड्यांतून कमी शोषले जाते आणि पोट ढिले करते. मॅग्नेशिअम सायट्रेट त्यापेक्षा बरे शोषले जाते; तेही काहींना जुलाब करते, त्यामुळे बद्धकोष्ठ असणाऱ्यांना ते सोयीचे ठरू शकते. ग्लायसिनेट या बाबतीत सौम्य आहे. रात्रीच्या जेवणानंतर घेतल्यावर मला पोटाचा कोणताही त्रास झाला नाही. गोळी मात्र आकाराने मोठी आहे, आणि घरातल्या वयस्कर माणसांना ती गिळताना अडचण येईल.

मॅग्नेशिअमचा आणि स्नायूंचा संबंध खरा आहे, तो जाहिरातीने निर्माण केलेला नाही. स्नायूच्या पेशीत कॅल्शिअम मोकळे झाले की तंतू एकमेकांना धरून आकुंचन पावतात. ते सुटण्यासाठी आणि कॅल्शिअम परत आपल्या साठ्यात ओढले जाण्यासाठी एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू लागतो, आणि तो पेशीत मॅग्नेशिअमशी जोडलेल्या रूपातच काम करतो. म्हणजे स्नायू सैल पडण्याची क्रियासुद्धा ऊर्जा खर्च करणारी आहे. परंतु ताणाने येणारे आखडलेपण बहुतेक वेळा या पायरीवर बिघाड झाल्याने येत नाही. ते त्याच्या वरच्या पायरीवर, मेंदूकडून येणाऱ्या आदेशांत असते. मन सावध अवस्थेत राहिले की मानेमागच्या ट्रॅपिझिअस स्नायूला थोडे थोडे आकुंचन चालू ठेवण्याचे संकेत मिळत राहतात, आणि तासन्‌तास एकाच बैठकीत संगणकाकडे पाहणाऱ्या माणसाच्या खांद्यांना उसंत मिळत नाही. हा आदेश गोळीने थांबत नाही.

संशोधनाची साक्षही सावधच आहे. पायात गोळे येण्यावर मॅग्नेशिअम किती चालते, याचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 2020 साली घेतलेला आढावा सांगतो की वयस्कर लोकांना त्याचा लक्षणीय फायदा होण्याची शक्यता कमी आहे. पोटरीत येणारा गोळा आणि मानेचे आखडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. तरीही दुसऱ्या तक्रारीसाठी पहिलीपेक्षा भक्कम पुरावा आहे, असे म्हणता येत नाही. शिवाय कमतरता आहे की नाही हे रक्ताच्या साध्या तपासणीतून नीट कळत नाही, कारण शरीरातल्या सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशिअमपैकी एक टक्क्याहूनही कमी रक्तद्रवात असते आणि निम्म्याहून अधिक हाडांत असते. माझ्यापुरते सांगायचे तर झोप थोडी लवकर लागू लागली. मानेतला फरक मात्र तेव्हाच जाणवला, जेव्हा पुढे सांगितलेल्या गोष्टीही सुरू झाल्या, त्यामुळे त्याचे श्रेय मी गोळीला देणार नाही.

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) व राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली ठरवलेली शिफारस पुरुषांसाठी रोज 440 आणि स्त्रियांसाठी 370 मि.ग्रॅ. अशी आहे, आणि आपल्या जुन्या जेवणात ती गाठणे अवघड नव्हते. शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठात सव्वाशे मि.ग्रॅ.च्या आसपास मॅग्नेशिअम असते, नाचणीत त्याहून थोडे अधिक, राजगिऱ्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट. पॉलिश केलेल्या तांदळात बाजरीच्या फार तर चौथा हिस्सा उरतो. तिळाची चटणी, कारळ्याची चटणी, मोड आलेली मटकी, पालेभाज्या, मूठभर शेंगदाणे हे सगळे याच यादीत येते. कामाच्या धबडग्यात नेमके हेच ताटातून पहिल्यांदा जाते आणि त्याची जागा वडापाव, बिस्किटे, मैद्याची खारी आणि चहा घेतात. मी दुपारच्या डब्यात पुन्हा भाकरी आणि उसळ आणली. धान्याच्या टरफलातले फायटेट खनिजांचे शोषण कमी करते, पण भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे यांनी ते कमी होते, म्हणून नाचणीची आंबील उन्हाळ्यात दुहेरी उपयोगाची आहे. दही, डाळ, अंडी यांतून पुरेशी प्रथिने मिळणेही तितकेच गरजेचे आहे, कारण थकलेल्या स्नायूची डागडुजी त्यांतूनच होते. आणि चहा-कॉफीविषयी : कॅफिनपैकी निम्मा भाग शरीराबाहेर जायला सुमारे पाच तास लागतात, तेव्हा संध्याकाळी सहाचा कडक कप रात्री अकराच्या झोपेत वाटेकरी असतोच.

मेंदूकडून स्नायूंना येणाऱ्या त्या आदेशावर काम करणारी एक पद्धत मात्र मला मनापासून सुचवावीशी वाटते. अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्नायू क्रमाक्रमाने शिथिल करण्याची रीत विकसित केली. एक एक स्नायुसमूह काही सेकंद मुद्दाम आवळायचा, मग एकदम सोडून द्यायचा आणि दोन्ही अवस्थांतला फरक लक्षपूर्वक अनुभवायचा. खांदे कानांपर्यंत उचलून सोडले की ते दिवसभर किती वर चढलेले होते, हे तेव्हाच कळते. याला पैसे लागत नाहीत, आणि गोळीपेक्षा मला याचा उपयोग निश्चितपणे अधिक झाला. गरम पाण्याची पिशवीही उत्तम. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशिअम सल्फेट; त्याच्या पाण्याने बरे वाटते ते मुख्यतः उष्णतेमुळे, कारण त्वचेतून पुरेसे मॅग्नेशिअम आत जाते याचा पुरावा कच्चा आहे. त्यासाठी वेगळा खर्च करू नये.

ही गोळी सर्वांसाठी निर्धोक नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांच्या परवानगीविना ती घेऊच नये, कारण जास्तीचे मॅग्नेशिअम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे आहे. थायरॉइडची गोळी आणि ही गोळी यांच्यात चार तासांचे अंतर हवे. टेट्रासायक्लिन आणि क्विनोलोन वर्गातल्या अँटिबायोटिक्सचेही शोषण ती अडवते. आम्लपित्तासाठी पॅन्टोप्रॅझोलसारखी औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत मॅग्नेशिअम घटू शकते, त्यांनी डॉक्टरांशी बोलूनच मात्रा ठरवावी. अन्नाव्यतिरिक्त गोळ्यांमधून दिवसाला 350 मि.ग्रॅ.ची मर्यादा ओलांडू नये. हाताला मुंग्या येणे, पकड सुटणे किंवा वेदना छातीपासून डाव्या हातात उतरणे, ही लक्षणे ताणाची समजून घरी बसू नये.

दोन गोळ्यांच्या रोजच्या मात्रेने साठ गोळ्यांची डबी महिनाभर पुरते, आणि मला ती साडेसहाशे रुपयांच्या आसपास पडली. लाल भोपळ्याच्या तीस ग्रॅम बियांतून सुमारे 150 मि.ग्रॅ. मॅग्नेशिअम मिळते, वर प्रथिनेही; महिन्याचा खर्च साधारण तेवढाच येतो. त्यामुळे वर्षभर मी बियाच घेणार आहे, आणि स्वयंपाकाला वेळच उरत नाही अशा मार्चअखेरच्या काळापुरती डबी पुन्हा आणीन.