तळ्याकाठचं लग्न आणि माझे ८५,०००

गेले ते ८५,०००. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. दुसरा असतो, "तुला कळलं कसं नाही?"

कसं कळणार? मी लग्नाचे फोटो काढतो, कामासाठी मेसेज आला. मेसेजमधली बाई स्वतःला नवरीची बहीण म्हणवत होती आणि बोलत होती अगदी जाणकारासारखी. तळ्याकाठी, उघड्यावर, मोजकी माणसं, पोझ अजिबात नकोत, लोक पाण्यात पाय सोडून गप्पा मारताहेत असे फोटो हवेत. विधी सूर्यास्ताच्या तासभर आधी. असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं! फोनवर बोलता येणार नाही म्हणाली, ऐकू कमी येतं. आता अशा माणसाला "नाही, फोन कराच" असं कोण म्हणेल? (तुम्ही निदान व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवायला सांगा. त्याला कान लागत नाहीत.)

माझं कोटेशन ६५,०००चं, ॲडव्हान्स मागितला २०,०००. कुरिअरने चेक आला १,५०,०००चा. वरचे ८५,००० म्हणे डेक, म्हणजे तळ्याकाठचा ओटा, सजवणाऱ्याचे, तो चेक घेत नाही, तेवढे तुम्ही पाठवून द्या, आजच. मी पाठवले. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

मला जाळतंय ते वेगळंच. तिने जागेचे चार फोटो पाठवले होते. एकात पाण्यापलीकडे डोंगरांची रांग. दुसऱ्यात, म्हणे त्याच डेकवरून, पलीकडे काहीच नाही, सपाट क्षितिज. मी ते पाहिलं. झूम करून पाहिलं! आणि स्वतःचीच समजूत घातली, वाइड लेन्स असेल, तिच्यात लांबचे डोंगर बारीक दिसतात. बारीक दिसतात रे, गायब होत नाहीत! पंधरा वर्षं कॅमेरा धरतोय मी. ऊन जोडप्याच्या पाठीवर येणार की तोंडावर हे ठरवायला डेकची दिशाही विचारली होती. उत्तर आलं, "जागा फार सुंदर आहे, काळजी करू नका." आणि मी पाण्याची चकाकी मारायला पोलरायझर पुसून ठेवला. नंतर ते फोटो नेटवर शोधले: एक तळ्याचा, एक समुद्राचा. पाच मिनिटं लागली. जागेच्या मालकाला आधी फोन लावा, आणि नंबर गिऱ्हाइकाकडून घेऊ नका.

सोमवारी चेक भरला, मंगळवारी खात्यात रक्कम दिसली. दिसली म्हणजे वटली नव्हती. एकूण शिल्लक वेगळी, वापरता येणारी वेगळी. मी एकूण शिल्लकेचाच आकडा वाचला. पाठवलेले ८५,००० माझेच होते, लेन्ससाठी साठवलेले. शुक्रवारी चेक परत.

बँकेतला साहेब मान वर न करता म्हणाला, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" चेक परत आल्याचे २९५ मात्र लगेच कापले, त्यात दिरंगाई नाही. चौकीवर विचारलं, "लग्न कुठे आहे?" म्हटलं, लग्नच नाहीये. "मग तक्रार कशाची?" दुसऱ्या टेबलावर चॅटच्या प्रिंट मागितल्या. ६१ पानं नेली, तर म्हणे हे आमच्याकडे येत नाही. तीन चकरा, एक पोच नाही. तुम्ही पोच घेतल्याशिवाय उठू नका, आणि माझ्यासारखे लाजून दोन दिवस घरी बसू नका, तेवढ्यात पैसे चार खाती फिरतात.

त्या तारखेसाठी दोन खरी कामं नाकारली होती. एकांना परत फोन केला. त्यांनी दुसरा फोटोग्राफर ठरवला होता.