फ्रीकॅडमधील लॉफ्ट आणि स्वीप : काही महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या डिझाइन कार्यालयात द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या ब्लोअरचे हवेचे डक्ट, नळांची वळणे आणि हँडल अशी कामे प्रामुख्याने येतात. गेले काही महिने ही कामे फ्रीकॅड या संगणकावर त्रिमितीय आराखडे काढण्याच्या मोफत सॉफ्टवेअरच्या १.० आवृत्तीवर केली. लॉफ्ट (दोन किंवा अधिक छेद, म्हणजे आडवे काप, जोडून आकार घडवणे) आणि स्वीप (एकच छेद एखाद्या मार्गावरून पुढे नेऊन आकार घडवणे) यांनी तयार होणाऱ्या पृष्ठभागांवर त्यात किती ताबा राहतो, एवढ्यापुरताच हा अनुभव आहे.

‘पार्ट डिझाइन’ या फ्रीकॅडच्या विभागातील लॉफ्टला गाइड कर्व्ह, म्हणजे छेदांच्या मधला आकार ठरवणारी वक्ररेषा, देण्याची सोय नाही, त्यामुळे आकार ठरतो तो केवळ छेदांवरून. पंख्याकडचे तोंड गोल आणि वेलींकडचे तोंड चपटे असा डक्ट काढताना वर्तुळ एकसंध न ठेवता चार कंसांत तोडावे आणि कंसांचे सांधे आयताच्या कोपऱ्यांसमोर आणावेत. दोन्ही स्केचमधील, म्हणजे छेदांच्या रेखाटनांमधील, खंडांची संख्या जुळली नाही, तर बिंदूंची जुळणी सॉफ्टवेअर आपल्या मनाने करते आणि पृष्ठभाग पिळलेल्या टॉवेलसारखा दिसू लागतो.

पीळ नाहीसा झाला तरी क्षेत्रफळाचा प्रश्न उरतोच. १०० मिमी व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७,८५४ चौरस मिमी, तर १४० बाय ५६ मिमी आयताचे ७,८४० चौरस मिमी, म्हणजे दोन्ही तोंडे जवळपास सारखीच. तरीही कंसांचे सांधे ४५ अंशांवर ठेवून ही तोंडे सरळ जोडल्यास बरोबर मधला छेद सुमारे सहा टक्क्यांनी मोठा होतो, आणि हवेचा वेग तेथे तेवढ्याच प्रमाणात मंदावतो. त्यासाठी क्षेत्रफळ मोजून मध्ये एक छेद स्वतः काढावा लागतो. मात्र छेद वाढवत नेण्याचा मोह टाळावा, कारण त्या सर्वांतून जाणारा गुळगुळीत पृष्ठभाग दोन छेदांच्या मध्ये लाटा उमटवू लागतो. माझ्या मते तीन छेद बहुधा पुरतात आणि पाचव्याची गरज भासली, तर डक्टचे दोन भाग करणे बरे.

स्वीपसाठी येथे ‘अ‍ॅडिटिव्ह पाइप’ वापरावे लागते आणि त्याची खरी किल्ली ओरिएंटेशनच्या पर्यायात आहे, म्हणजे पाथवरून (मार्गावरून) जाताना प्रोफाइल (पुढे नेला जाणारा छेद) कोणत्या दिशेला वळलेले राहील, हे ठरवण्यात. साध्या वळणांना ‘स्टँडर्ड’ पुरते. पाथच्या वक्रतेनुसार प्रोफाइल वळवणारा ‘फ्रेनेट’ मळसूत्रासाठी उत्तम आहे, परंतु पाथचे वळण डावीकडून उजवीकडे बदलते त्या बिंदूवर वक्रतेची दिशा उलटते आणि प्रोफाइल एकदम फिरू शकते. इंग्रजी एस अक्षरासारख्या हँडलला म्हणूनच ‘ऑक्झिलरी’, म्हणजे दुसऱ्या पाथच्या आधाराने प्रोफाइलची दिशा राखणे, हा पर्याय मला सर्वांत भरवशाचा वाटला. पाथची सर्वांत लहान त्रिज्या प्रोफाइलच्या आतल्या बाजूच्या रुंदीपेक्षा कमी असेल, तर पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो. त्याला कोणताही पर्याय वाचवू शकत नाही.

ग्राहकाच्या नजरेस पडणाऱ्या भागांना एवढ्याने भागत नाही. तेथे ‘कर्व्हज’ हे वेगळे जोडावे लागणारे वर्कबेंच (साधनांचा संच) घ्यावे. त्यात दोन रेल्सवरचा (दोन मार्गदर्शक रेषांवरचा) स्वीप आहे, वक्ररेषांच्या जाळ्यावर बसणारा गॉर्डन सरफेस आहे आणि पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा तपासण्यासाठी त्यावर उमटणारे झेब्रा पट्टेही आहेत. सांध्यावर पट्टे तुटले तर स्पर्शिकाच जुळलेली नाही, आणि नुसते मोडले तर वक्रता जुळलेली नाही, असे समजावे. शिकायला मात्र ते सोपे नाही.

जाडी देण्याच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. लॉफ्टवर ‘थिकनेस’ लावून पाहण्यापेक्षा आतली पोकळी वेगळ्या ‘सबट्रॅक्टिव्ह लॉफ्ट’ने कोरावी. फक्त छेदाच्या प्रतलात आत घेतलेले ३ मिमी म्हणजे भिंतीची खरी जाडी नव्हे. भिंत डक्टच्या अक्षाशी ३० अंशांनी कललेली असेल, तर लंब जाडी सुमारे २.६ मिमीच भरते. म्हणून अशा ठिकाणी आतला छेद साडेतीन मिमीने आत घ्यावा.