सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट, पाचगणी: मुलीला ठेवण्याआधी

१८९५ पासूनची, डॉटर्स ऑफ द क्रॉस या नन्सनी काढलेली मुलींची निवासी शाळा. नावाबद्दल वेगळं सांगायला नको. पालक गडबडतात ते दुसरीकडेच. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव मोफत जागा इथे शोधू नका. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही.

मग पाऊस. गाव साधारण १,३०० मीटर उंचीवर, पावसाळाभर धुकं. जाड सुती कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आंबूस वास धरतात. मोजे आणि आतले कपडे दोन-तीन जोड जास्तच द्या. नाव मार्करने नको (चार धुण्यांत उडतं), पट्टी शिवून घ्या, मोज्यांवरसुद्धा! भेटीला येताना वाईकडून वर येणारा पसरणी घाट उजेडीच चढा.