नव्या वैद्यांची रुग्णचर्चा-बैठक: काय मिळतं, काय कमी पडतं

बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी आणि इंटर्नशिप संपवून स्वतःचं चिकित्सालय उघडलं की अडलेला रुग्ण कोणाला विचारायचा हा प्रश्न लगेच उभा राहतो. पुण्यात अशा नव्या वैद्यांनीच चालवलेली ही बैठक त्यासाठी आहे. दहा-बारा जण, महिन्यातून दोनदा, वर्गणी हॉलचं भाडं आणि चहापुरती.

रुग्ण मांडण्याची पद्धत फार चांगली आहे. नाव-पत्ता काढलेला एक पानी कागद सगळ्यांना मिळतो: प्रधान वेदना (मुख्य तक्रार), अष्टविध परीक्षा (नाडी, जीभ वगैरे आठ तपासण्या), अग्नी (पचनशक्ती), कोष्ठ (पोट साफ होण्याची प्रकृती), दिलेल्या औषधाची मात्रा, सेवनकाल, अनुपान (औषध ज्याबरोबर घ्यायचं ते) आणि बॅच नंबर. निदान मात्र झाकलेलं. आधी प्रत्येकाने दहा मिनिटांत संप्राप्ती, म्हणजे रोग कसा घडत गेला ते, लिहायची, मग मांडणाऱ्याने आपली सांगायची. निदान आधी ऐकलं की सगळे त्याच दिशेने विचार करू लागतात, म्हणून हा क्रम मोडू नये. उपशय (आराम) न मिळालेले रुग्ण आधी घेतात, हेही योग्यच.

काढ्यावरची चर्चा तर प्रत्येक नव्या वैद्याने ऐकावी अशी. औषध लागू पडलं नाही असं म्हणण्याआधी रुग्णाने काढा कसा केला ते विचारतात. रीत अशी: 10 ग्रॅम भरड (जाडसर कुटलेलं द्रव्य), 160 मिली पाणी, उघडं भांडं, मंद आच, 40 मिली उरेपर्यंत. शार्ङ्गधरसंहिता या ग्रंथाप्रमाणे अष्टमांश (आठवा भाग) उरवायचा तर 20 मिली. भरडीऐवजी बारीक चूर्ण घेतलं तर ते तळाला लागतं आणि गाळताना गाळ उतरतो. आच मोठी ठेवली तर पाणी लवकर आटतं, पण द्रव्याचा अंश पुरेसा उतरत नाही. वाळ्यासारख्या सुगंधी द्रव्याचा काढा करायचाच नाही. उकळतं पाणी ओतून, झाकून ठेवून, मग गाळून फांट करायचा. हे तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून द्या, असा इथला आग्रह आहे.

शेवटचा अर्धा तास द्रव्यओळखीचा. प्रत्येकाने आपल्या दुकानातून आणलेलं एकच द्रव्य टेबलावर शेजारी-शेजारी ठेवतात. रास्ना म्हणून उत्तरेकडे प्लुचिया या झुडपाची पानं, दक्षिणेकडे कुलिंजनाचा कंद, तर महाराष्ट्रात झाडावर वाढणाऱ्या आमरीची (ऑर्किडची) मुळं मिळतात. मग एकाच योगाचा (अनेक द्रव्यांच्या औषधाचा) गुण सगळीकडे सारखा कसा यावा? अशोकाच्या सालीत खोट्या, म्हणजे उंच सरळ वाढणाऱ्या शोभेच्या अशोकाची भेसळ असते. गुळवेलीबद्दल तर हयगय नकोच. टिनोस्पोरा क्रिस्पा या जातीच्या खोडावर ठळक गाठी असतात आणि कापल्यावर दुधी स्राव येतो. आपल्या गुळवेलीला तशा गाठी नसतात, दुधी स्रावही नसतो. ओली वेल तपासता येते, चूर्ण नाही. म्हणून रुग्णाला ‘कुठलीही गुळवेल आणा’ असं कधीच सांगू नये.

ॲलोपॅथीच्या चालू औषधांना मात्र केसपेपरवर रकानाच नाही, आणि ही त्रुटी गंभीर आहे. लघवी होण्याची गोळी घेणाऱ्याला ज्येष्ठमध दीर्घकाळ दिलं तर पोटॅशियम खाली जातं. पिंपळीमुळे फेनिटॉइन या फिट्सवरच्या औषधाची रक्तातली पातळी वाढू शकते. मधुमेहाच्या गोळ्यांवर मेथी-गुडमार वाढवली तर साखर एकदम उतरू शकते. संशयित दुष्परिणामाची नोंद करायला आयुष मंत्रालयाची फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारी) व्यवस्था 2018 पासून आहे. पण बैठकीत तिचा फॉर्म कोणी भरताना दिसत नाही. दोन बैठकांच्या मधे ग्रुपवर रुग्णाच्या चेहऱ्यासकट त्वचेचे फोटो येतात, तेही लेखी संमतीशिवाय. हे ताबडतोब थांबायला हवं.

एक ज्येष्ठ वैद्य महिन्यातून एकदा तरी बसवावा. कुचला, भल्लातक, वत्सनाभ अशी विषारी द्रव्यं असलेल्या योगांची मात्रा ठरवताना समवयस्कांच्या मतावर भागत नाही.

यायचं असेल तर फसलेला एक रुग्ण लिहून आणा, आणि आपल्याकडच्या गुळवेलीचा ओला तुकडा.