महूच्या ‘फौजी’चा स्पीकर आणि माझे 17,498 रुपये

काल रात्री तीच जाहिरात पुन्हा दिसली. तोच काळा डबा, तीच हिरवी घोंगडी, मागे त्याच लोखंडी ट्रंकेचा कोपरा. विकणाऱ्याचं नाव तेवढं वेगळं, आणि बदली आता महूहून नव्हे तर जबलपूरहून झालेली. किंमत 7,000. ते पाहिलं आणि लिहायला बसलो. नाहीतर ही गोष्ट घराबाहेर काढायची नाही असं मी ठरवलं होतं.

वय 58. इंदूरला आमची चौथी पिढी. नोकरीत आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं तपासली. हे आधीच सांगतो, कारण ज्याला-त्याला वाटतं की असं फसतो तो अडाणी किंवा लोभी माणूस. मी दोन्ही नाही.

तरुणपणी गणपतीच्या दहा दिवसांत आमचा ऑर्केस्ट्रा असायचा. मी ऱ्हिदम गिटार वाजवायचो. गिटार गिव्हसनची, तीही मित्राबरोबर अर्धे-अर्धे पैसे घालून घेतलेली, आणि आवाजाला मांडववाल्याचा अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर. परदेशी बँडच्या फोटोंत मागे काळ्या खोक्यांची भिंत दिसायची आणि त्यावर पांढऱ्या वळणदार अक्षरांत मार्शल लिहिलेलं असायचं. लंडनच्या हॅनवेल भागात ड्रम शिकवणाऱ्या एका दुकानदारानं 1962 साली ही कंपनी सुरू केली, हे मला तेव्हाही पाठ होतं. तसलं खोकं आपल्या घरात यावं ही इच्छा चाळीस वर्षं जुनी आहे. आता त्याच रुपाचे छोटे ब्लूटूथ स्पीकर मिळतात. त्यातला एम्बर्टन टू मला हवा होता: वजन साधारण 700 ग्रॅम, एकदा चार्ज केला की 30 तासांहून जास्त चालतो, वर पितळी रंगाचं एकच बटण, पुढे जुन्या अ‍ॅम्प्लिफायरसारखी जाळी.

दुकानात किंमत सांगितली 16,999. जेल रोडला एकानं हुबेहूब दिसणारा 1,400 ला काढून दाखवला. ‘फर्स्ट कॉपी है अंकल’ असं त्यानं स्वतःच सांगितलं. मी हातही लावला नाही. नकली घ्यायचाच नव्हता, म्हणून वापरलेला पण खरा शोधायला लागलो. यात माझं काय चुकलं?

जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर जाहिरात होती: एम्बर्टन टू, आठ महिने वापरलेला, 7,500, बदली झाल्यामुळे तातडीनं विकणे आहे. मी मेसेज टाकला आणि पाच मिनिटांत फोन आला. पहिलंच वाक्य, ‘नमस्कार काका, आडनावावरून वाटलं मराठी आहात, म्हणून फोनच केला. मी सातारचा.’

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. म्हणे मी महूचा फौजी, बदली झालीय; मग ओळखपत्राचा फोटो, कँटीन कार्डाचा फोटो. फौजी बनून लुटायची ही चाल वर्षानुवर्षं चालू आहे आणि मीही ती पेपरात वाचली होती. पण जो पुण्यात बसून वाचतो त्याला ‘महूचा फौजी’ म्हटल्यावर लगेच शंका येईल. आम्हाला कशी यावी? महू आमच्या दाराशी. इन्फंट्री स्कूल तिथे, सिग्नल्सचं कॉलेज तिथे. दर दोन-तीन वर्षांनी लोकांच्या बदल्या होतात, सामान खरोखर विकलं जातं. माझ्या घरातलं लाकडी कपाट महूच्याच एका सुभेदाराकडून घेतलेलं आहे. शिवाय इथे दिवसभर कानावर हिंदी असते. अनोळखी माणूस फोनवर स्वच्छ मराठीत ‘काका’ म्हणतो तेव्हा आम्हा इंदूरकरांचं मन कसं सैल होतं, ते महाराष्ट्रातल्या लोकांना कळायचं नाही. त्याला मात्र ते पक्कं माहीत होतं.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही तो सांगतो. सगळं ठरल्यावर मी सहज विचारलं, ‘गिटार लावता येते का हो याला?’ तो म्हणाला, ‘हो काका, मागे पिन आहे ना. मी स्वतः लावून वाजवतो.’

एम्बर्टनला मागे पिन नाही. पुढे नाही, बाजूला नाही. चार्जिंगची जागा सोडली तर त्याला दुसरं भोकच नाही. गाणं फक्त ब्लूटूथवर. रूप अ‍ॅम्प्लिफायरचं असलं तरी तो गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर नाही, आणि ही गोष्ट मी आदल्याच दिवशी वाचली होती. वाचून थोडा खट्टूही झालो होतो. तरी त्यानं ‘आहे’ म्हटल्यावर मी काय केलं? मला आनंद झाला. वाटलं, आपल्याच वाचण्यात काहीतरी चूक झाली असेल, आठ महिने वापरणाऱ्याला जास्त ठाऊक असणार. ज्यानं ती वस्तू कधी हातातही धरलेली नाही तोच असं उत्तर देईल, हे गिटार वाजवलेल्या माणसाच्या डोक्यात यायला नको होतं का? महिना झाला, रोज रात्री तेच वाक्य ऐकू येतं. मागे पिन आहे ना.

विकणाऱ्याला खोटा प्रश्न विचारा. जी सोय त्या वस्तूत नाही ती आहे का, असं विचारा.

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. ‘अहो, आधी वस्तू बघून या. महू काय लांब आहे का?’ म्हणाली. मी तिला गप्प केलं. त्यानं सांगितलं होतं की आत बाहेरच्यांना सोडत नाहीत, आणि त्याची ड्यूटी आहे, पार्सल आर्मीच्या गाडीनं इंदूरला येईल.

शनिवारची संध्याकाळ. 6:40 ला पार्सल नोंदणीचे 1,150 पाठवले. त्यानं पावती पाठवली, वर तिरंगा आणि शिक्का. 6:52 ला 3,150. 7:05 ला उरलेले 3,200. झाले 7,500, व्यवहार पूर्ण. मग म्हणाला, गेट पासची सुरक्षा रक्कम 4,999 भरावी लागते, पार्सल हातात पडताच खात्यात परत येते. 7:18 ला भरली. मग म्हणे ती ‘होल्ड’ झाली, तेवढीच रक्कम पुन्हा टाकली की दोन्ही मिळून 9,998 आपोआप परत येतील. 7:34 ला पुन्हा 4,999.

हे दुसरे 4,999 का भरले, असं सगळे विचारतात. अहो, कारण पहिले अडकले होते! 7,500 गेलेले, त्यावर 4,999 गेलेले, आणि समोरचा अगदी काकुळतीला येऊन सांगतोय की काका, माझ्या पगारातून कापतील हो. त्या वेळी माणूस नवीन पैसे देत नसतो, गेलेले सोडवत असतो. हे ज्याच्यावर आलं नाही त्यानं बोलू नये.

आणखी एक गोष्ट समोर दिसत होती. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव एका बाईचं येत होतं. मी विचारलं तर म्हणाला, ‘कँटीनच्या अकाउंटंट मॅडम.’ मी ऐकून घेतलं. पैसे घेणाऱ्याचं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव जुळलं नाही की तिथेच फोन ठेवा, मग समोरचा कारण काहीही सांगो. आणि यूपीआयची पिन टाकावी लागली म्हणजे पैसे जात आहेत. येणाऱ्या पैशाला पिन लागत नाही.

त्यानं तिसऱ्यांदा 9,998 मागितले तेव्हा डोळे उघडले. मी आवाज चढवला तसा तो एकदम हिंदीत शिवी देऊन बंद झाला. त्या शिवीपेक्षा जास्त लागलं ते त्याचं मराठी सोडून देणं.

एकूण 17,498. खरा, नवा, गॅरंटीचा स्पीकर 16,999 ला होता.

आता इथून पुढची चूक पैशांपेक्षा मोठी. मी रात्री त्याचं सगळं चॅट पुसून टाकलं. बायकोनं, मुलीनं पाहू नये म्हणून. फोटो, पावत्या, ओळखपत्र, सगळं. लाज वाटली, दुसरं काय! चॅट पुसू नका. नंबर ब्लॉक करण्याआधी प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या, आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) कागदावर उतरवून ठेवा.

रविवारी कोणाला न सांगता स्कूटरवर निघालो. राजेंद्रनगर, राऊ करत महू. गेटवरच्या जवानाला आठवणीतलं नाव, हुद्दा सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘साहब, यहाँ ऐसा कोई नहीं है। आप पहले आदमी नहीं हैं जो पूछने आए।’ बिचाऱ्यानं पाणी दिलं. त्याच्या वर्दीची शपथ घेऊन कुणीतरी मला लुटलं होतं, आणि खाली मान त्याला घालावी लागत होती.

सोमवारी मुलीला फोनवर सांगितलं. ती ओरडलीच, ‘बाबा, 1930 लावला का?’ नव्हता लावला. 1930 म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पैसे गेल्याचं कळताच पहिल्या मिनिटाला 1930 लावायचा, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आला तरच उपयोग. मी लावला 38 तासांनी. तेवढ्यात चार रकमा पुढे निघून गेल्या होत्या, 3,200 तेवढे वाटेत अडकलेले सापडले.

मग सुरू झाल्या फेऱ्या. जवळच्या ठाण्यात गेलो तर म्हणाले, ‘ये साइबर का मामला है, वहाँ जाओ।’ तिथे गेलो, दोन तास बाकावर बसलो. तिथले म्हणाले, रक्कम छोटी आहे, आपल्याच ठाण्यात अर्ज द्या. परत ठाण्यात. ज्याच्याकडे काम होतं तो बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी भेटला तर पहिला प्रश्न, ‘अंकल, आपने खुद भेजा है ना?’ हो, मी स्वतः पाठवले! फसवणूक यालाच म्हणतात ना? खिसा कापला असता तर मी स्वतः पाठवले नसते. भारतीय न्याय संहितेचं 318 कलम याच कामासाठी आहे, कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवायची कायद्यात सोय आहे, हे मी कागदावर लिहून नेलं होतं. त्यानं कागद वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. एफआयआर झाली नाही. अर्जावर शिक्का मारून प्रत दिली, तीही मी दोनदा मागितल्यावर. शेजारचा हवालदार दुसऱ्याला सांगत होता, ‘गाने-बजाने का डिब्बा लेने गए थे।’ मी ऐकतोय हे त्याला दिसत होतं.

बँकेत तर याहून वाईट. पिन तुम्हीच टाकली, आमची काही जबाबदारी नाही. बरं, नाही तर नाही. पण ज्या खात्यात एका संध्याकाळी पैसे येतात आणि काही मिनिटांत पुढे जातात, ते खातं कुणीतरी केवायसी करूनच उघडलं असेल ना? आम्हाला पत्ता बदलायचा असला तर चार कागद मागता. त्या बाईच्या नावाचं खातं कोणत्या कागदावर उघडलं, हे कुणी विचारायचं? काउंटरवरच्या मुलानं मला तक्रारीचा फॉर्म दिला आणि ‘नेक्स्ट’ म्हणाला. अडतीस वर्षं माझा पगार त्याच बँकेत जमा होतोय. जाहिरातीच्या अ‍ॅपलाही चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी तेच आपोआप येणारं उत्तर: तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आणि जाहिरात काल रात्री पुन्हा चालू!

बुधवारी एक फोन आला. आपण सायबरमधून बोलतोय, अडकलेले पैसे सोडवायला 2,500 प्रोसेसिंग फी भरा. माझ्या तक्रारीची तारीखही त्याला माहीत होती. ती कुठून मिळाली, याचं उत्तर अजून कुणी देत नाही. पैसे सोडवून देतो म्हणणाऱ्या कोणालाही एक रुपया देऊ नका.

आणि घरच्यांनो, तुमच्याकडे कुणी असा फसला तर ‘असं कसं केलंत’ हे त्या रात्री विचारू नका. फोन हातात घ्या, 1930 लावा, बाकी सकाळी बोला. माझी बायको एकच वाक्य बोलली, ‘मला शनिवारीच सांगायचं होतंत.’

आता राहिले ते 3,200. ते परत मिळायचे अजून बाकी आहेत. अर्जाच्या दोन प्रती, बँकेचं स्टेटमेंट, आधार, 1930 च्या तक्रारीचा क्रमांक, एवढं फाइलमध्ये लावून ठेवलंय. परवा गुरुवारी साडेदहाला पुन्हा ठाण्यात बोलावलंय. जबलपूरच्या त्या नव्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट काल रात्रीच काढले, तेही जोडणार आहे. या वेळी तारीख आणि वेळ दिसेल असे काढलेत. कुणाचे जबलपूरला नातेवाईक असतील तर त्यांना तो हिरव्या घोंगडीवरचा फोटो आजच कळवा.