राक्षस मागतो तरी काय? क्वीअर नजरेतून पाच भयपट, आणि आधी कोणता लावायचा

"क्वीअर हॉरर बघायचंय, एकच सांग," असं कुणी म्हटलं की माझी पंचाईत होते. (क्वीअर म्हणजे गे, लेस्बियन, ट्रान्स अशी आम्ही सगळी मंडळी.) यादी लांबलचक आहे आणि तिच्यातल्या निम्म्या सिनेमांत पडद्यावर उघडपणे काहीच नाही, सगळं आडून. 'यात गे पात्र आहे का?' या एका प्रश्नावर निवडायला गेलात तर फसाल. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' (१९९१) मध्ये "हा खरा ट्रान्स नाही" अशा अर्थाचं वाक्य पात्रांच्या तोंडी घालून सिनेमा मोकळा होतो, पण डोक्यात राहतो तो कॅमेऱ्यासमोर नाचणारा, बायकांची कातडी शिवणारा खुनी. थरारपट म्हणून अव्वल, पण पहिल्या रात्रीला नको. उलट 'द बाबाडूक' (२०१४) मध्ये क्वीअर माणूस औषधालाही नाही, तरी २०१७ च्या प्राइड महिन्यात (क्वीअर अभिमानाचा जून महिना) उंच टोपीतला तो बागुलबुवा आमचाच होऊन बसला.

माझी कसोटी वेगळी आहे. ज्याला सगळे घाबरतात, किंवा जो स्वतःच सगळ्यांत जास्त घाबरलाय, तो मागतो काय? ते मागणं ओळखीचं वाटलं तर सिनेमा तुमचा.

दोन जुने सिनेमे आधी समोरासमोर ठेवतो. दोन्ही युनिव्हर्सलचे, दोन्ही कृष्णधवल, मध्ये वर्षभराचं अंतर, आणि मागणं मात्र दोन टोकांचं.

'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३५) जेम्स व्हेलचा. व्हेल गे होता, त्या काळच्या हॉलिवूडच्या मानाने ते फारसं लपवतही नव्हता. निर्माता डेव्हिड लुईससोबत तो वर्षानुवर्षं राहिला. १९३४ पासून हेज कोडची, म्हणजे हॉलिवूडच्या स्वतःच्या सेन्सॉर नियमांची, अंमलबजावणी कडक झालेली, त्यामुळे समलिंगी प्रेमाचं नावही काढायची सोय नव्हती. व्हेलने मग दुसराच दरवाजा उघडला. राक्षस घडवणारा शास्त्रज्ञ फ्रँकेन्स्टाइन पलंगावर पडलाय, त्याची एलिझाबेथ उशाशी, आणि रात्री दाराशी येतो डॉक्टर प्रिटोरियस: काटकुळा, नाक वर, जिभेला धार. काम खासगी आहे म्हणून एलिझाबेथला खोलीबाहेर जावं लागतं आणि दोघे पुरुष मिळून, बाईशिवाय, माणूस जन्माला घालायचा घाट घालतात. मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा आवाज अगदी बारीक ठेवला होता. भुताची भीती नव्हती, शेजारच्या खोलीत घरचे होते.

पण हा सिनेमा मी ज्यासाठी पुन्हा पुन्हा लावतो तो प्रसंग जंगलातल्या झोपडीचा आहे. जखमी राक्षस व्हायोलिनच्या सुरांमागे जातो. आत आंधळा म्हातारा एकटाच. त्याला याचा चेहरा दिसत नाही, म्हणून तो किंचाळत नाही, एवढं साधं कारण. तो पाव देतो, दारू देतो, सिगार देतो. मित्र पाठवल्याबद्दल देवाचे आभार मानतो आणि राक्षसाच्या गालावरून एक थेंब ओघळतो. राक्षस दोन-दोन शब्दांत बोलायला शिकतो, आणि शिकतो काय, तर एकटं वाईट, मित्र चांगला. दोन पुरुषांचं हे घर पडद्यावर काही मिनिटंच टिकतं. मग डोळस शिकारी येतात, 'हा तोच' म्हणून ओरडतात आणि झोपडी पेटते. नव्वद वर्षांपूर्वीचा सिनेमा आहे, पण 'लोक काय म्हणतील' ते लोक इतक्या नेमके दारात उभे राहिलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

'ड्रॅक्युलाज डॉटर' (१९३६) मधली काउंटेस झलेस्का, रक्त पिणाऱ्या ड्रॅक्युलाची तशीच मुलगी, सोबत मागत नाही. ती म्हणते, मला बरं करा. बापाचं प्रेत जाळून ती सुटकेचा श्वास टाकते, पियानोवर बसते, संध्याकाळच्या शांत सावल्यांबद्दल बोलते. शेजारी उभा असलेला नोकर सँडर तिचं प्रत्येक वाक्य तिच्याच अंगावर उलटवतो. ती झाडांवरच्या पंखांची फडफड म्हणते, तो म्हणतो वटवाघळांचे पंख. ती म्हणते कुत्रा भुंकतोय, तो म्हणतो लांडगे आलेत म्हणून. बोलता बोलता पियानोवरची अंगाईच काळवंडते. पुढे ती मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते. त्याचा सल्ला असा, की मोहाला सामोरं जा आणि इच्छाशक्तीने जिंका. ती प्रामाणिकपणे तसं करून पाहते: चित्रासाठी म्हणून लिली नावाची मुलगी घरी येते, खांद्यावरून कपडा उतरतो, काउंटेसची अंगठी चमकते. पुढचं दाखवायची परवानगी नव्हती आणि गरजही नव्हती.

मला एकोणिसाव्या वर्षी एका डॉक्टरसमोर नेऊन बसवलं होतं. त्यांनी झोप नीट लागते का, हे तीनदा विचारलं आणि इच्छाशक्तीबद्दल बरंच बोलले. म्हणून 'डॉटर' मला आवडतो तसा सोसवतही नाही. सिनेमा म्हणून 'ब्राइड' कितीतरी सरस आहे, विनोदी आहे, ७५ मिनिटांत आटपतो. 'डॉटर' ७१ मिनिटांचा असूनही मध्येच रेंगाळतो. ज्याला 'इलाजा'चा अनुभव आहे आणि जखम अजून ओली आहे, त्याने तो एकट्याने बघू नये.

रक्ताचा थेंबही नको, पण झोप उडाली पाहिजे, अशी अट असेल तर रॉबर्ट वाइजचा 'द हाँटिंग' (१९६३). झपाटलेल्या वाड्यात काही माणसं राहायला येतात, पण भूत एकदाही दिसत नाही. दार आतल्या बाजूला फुगतं, बस्स. अंधारात घाबरलेली एलिनॉर शेजारी झोपलेल्या थिओचा हात घट्ट धरून ठेवते; दिवा लागतो तेव्हा थिओ खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते. क्लेअर ब्लूमची ही थिओ लेस्बियन आहे, कुणी तो शब्द उच्चारत नाही, पण एलिनॉर चिडून तिला 'निसर्गाची चूक' म्हणते, तेव्हा काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळतं. थिओ मात्र काहीच मागत नाही. आपण कोण आहोत ते तिला ठाऊक आहे आणि तिला त्याचं ओझं नाही. एवढं एक फोडतो: ती जिवंत राहते. त्या काळात ही फार मोठी गोष्ट. १९९९ च्या नव्या आवृत्तीत थिओ आपल्याला मुलगेही चालतात, मुलीही, हे मोकळेपणी सूचित करते आणि संगणकावर बनवलेली भुतंही भरपूर दिसतात. ती गाळा.

आता माझा लाडका, आणि पाचांत सिनेमा म्हणून सगळ्यांत कच्चा: 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट २: फ्रेडीज रिव्हेंज' (१९८५). भयपटात सहसा मुलगी किंचाळत पळते. इथे जेसी नावाचा पोरगा पळतो. स्वप्नांत शिरून खून करणारा फ्रेडी त्याला मारायला आलेला नाही, त्याच्या अंगात शिरून बाहेर यायला बघतोय. जेसी मैत्रिणीच्या मिठीतून उठून पळतो आणि मध्यरात्री कुठे जातो, तर मित्राच्या, ग्रेडीच्या खोलीत. माझ्या शरीरात काहीतरी शिरायला बघतंय, मला आज इथे झोपू दे. ग्रेडी म्हणतो, ती तिकडे तुझी वाट बघतेय आणि तुला माझ्यासोबत झोपायचंय? प्रेक्षक हसतो. मीही हसतो, पण जेसी ज्या नजरेने ग्रेडीकडे बघतो, तिथे माझं हसू थांबतं.

पडद्यामागची गोष्ट त्याहून भयाण. जेसी झालेला मार्क पॅटन स्वतः गे होता आणि तेव्हा ते जाहीर नव्हतं. सिनेमा लागला १ नोव्हेंबर १९८५ ला. गे असणं लपवत आलेला हॉलिवूडचा तारा रॉक हडसन एड्सने जाऊन महिनाही झाला नव्हता. लेखक डेव्हिड चॅस्किन वर्षानुवर्षं म्हणत राहिला की संहितेत तसलं काही नव्हतं, ते पॅटनच्या अभिनयातून आलं. नंतर त्याने मान्य केलं की ते त्यानेच लिहिलं होतं. तोवर पॅटन अभिनय सोडून केव्हाच दूर गेला होता. 'स्क्रीम, क्वीन!' (२०१९) या माहितीपटात तो चॅस्किनसमोर बसून हिशेब मागतो. जोडीने लावा: आधी सिनेमा, मग माहितीपट. एकटा सिनेमा पाहिलात तर निव्वळ धमाल वाटेल. मित्रमंडळी जमली असतील, आरडाओरडा करत बघायचं असेल, तर याला तोड नाही.

'आय सॉ द टीव्ही ग्लो' (२०२४) बद्दल मी मुद्दाम कमी सांगतो. ट्रान्स दिग्दर्शक जेन शोनब्रनचा. दोन मुलं, एक टीव्ही मालिका, आणि "ती तर मुलींची मालिका ना?" असं विचारणारा बाप. मुली आवडतात की मुलगे, असं विचारल्यावर त्यातला एक, ओवेन, म्हणतो, मला बहुतेक टीव्ही मालिका आवडतात. यात दचकवणारे धक्के जवळपास नाहीत. आपलं आयुष्य आपलं नसावं आणि वर्षं निघून जावीत, ही भीती आहे, आणि ती दोन-तीन दिवस उतरत नाही. स्वतःबद्दल कुणाला सांगावं की नाही या घालमेलीत असाल तर हा एकट्याने, रात्री उशिरा लावू नका. ज्याच्याशी नंतर बोलता येईल असं कुणीतरी शेजारी हवं. मात्र रस्त्यावर खडूने लिहिलेली ती ओळ येईल तेव्हा थांबवा आणि नीट वाचा: अजून वेळ आहे.

प्रेमकथा हवी आणि रक्ताचं वावडं नसेल तर 'फिअर स्ट्रीट' त्रयी (२०२१) आहेच, दोन मुलींची जोडी मध्यभागी, तिन्ही भाग क्रमाने बघायचे.

आणि अगदी एकच हवा असेल, तर 'ब्राइड'. झोपडीचा प्रसंग येईपर्यंत फोन बाजूला ठेवा.